ऑनलाइन लिलावातली जुनी मॉडेल रेल्वे: नवख्याने काय घ्यावं, काय सोडावं

जुनी मॉडेल रेल्वे ऑनलाइन लिलावातून घेणं नवख्याला झेपतं का, यावर माझं उत्तर 'हो' असं आहे. फक्त ते सगळ्या मालाला सारखं लागू नाही. डबे, वाघिणी, स्टेशनाच्या इमारती, सिग्नल हे सगळं लिलावातून खुशाल घ्या. इंजिन घ्यायचं असेल तर त्याच्या पोटाचा, म्हणजे खालच्या बाजूचा, स्पष्ट फोटो पाहिल्याशिवाय बोली लावू नका. आणि ट्रान्सफॉर्मर जुना घेऊच नका, कुणी फुकट देत असलं तरी.

हा बाजार मला मनापासून आवडतो. मॉडेल रेल्वे बनवणाऱ्या कंपन्या एकच इंजिन वर्षानुवर्षं सतत बनवत बसत नाहीत. एक तुकडी काढतात, ती विकली गेली की साचे बाजूला ठेवतात आणि दुसऱ्या इंजिनाकडे वळतात. त्यामुळे आपल्याला हवं ते इंजिन नव्या मालात मिळेलच याचा भरवसा नसतो, पण कुणाच्या तरी कपाटात ते नक्की असतं. घरात जागा कमी पडली, छंद बदलला, मालक गेले आणि घरच्यांना त्यातलं काही कळत नाही, अशा कारणांनी जपलेले संग्रह विक्रीला येतात. कित्येक वस्तू खोक्यातून फारशा बाहेरही आलेल्या नसतात. १९६० आणि १९७०च्या दशकांतली बरीच इंजिनं दुरुस्तीला आजच्यापेक्षा सोपी आहेत. दोन-तीन स्क्रू काढले की मोटर समोर, कार्बन ब्रश हाताने बदलता येतात, तेल कुठे घालायचं ते डोळ्यांना दिसतं. मी घड्याळदुरुस्ती करणाऱ्यांच्या घरात वाढले, डोळ्याला भिंग लावून दातेरी चाकं न्याहाळणं लहानपणापासून अंगवळणी पडलंय. उघडून आत बघता येणारं यंत्र मला कपाटातल्या चकचकीत मॉडेलपेक्षा जवळचं वाटतं.

बोली लावण्याआधी मात्र आपल्याला कोणतं माप हवं आणि गाडी कोणत्या प्रवाहावर चालवायची आहे, हे पक्कं करायला हवं. लिलावाच्या यादीत नवखा माणूस सगळ्यात जास्त फसतो तो इथे, आणि त्यात विक्रेत्याची लबाडी असतेच असं नाही. बहुतेकदा त्यालाही फरक माहीत नसतो.

एचओ मापाचं प्रमाण १:८७, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या ८७व्या हिश्श्याएवढं. ओओ हे ब्रिटिश माप, प्रमाण १:७६. दोन्हींच्या रुळांतलं अंतर मात्र एकच, १६.५ मिलिमीटर. ब्रिटनमधली खरी इंजिनं युरोपातल्या इतर देशांपेक्षा अंगाने लहान, त्यामुळे १:८७ प्रमाणात केलेल्या त्यांच्या सांगाड्यात त्या काळच्या मोटरी मावेनात. मग रूळ तेच ठेवून वरचा सांगाडा मोठा केला. आज याचा परिणाम असा की यादीत 'एचओ/ओओ' असं सर्रास एकत्र लिहिलेलं असतं, दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच रुळावर धावतात, आणि एकमेकींशेजारी उभ्या केल्या की ओओचा डबा जवळजवळ सातव्या हिश्श्याने मोठा दिसतो. नुसता फोटो पाहून हे कळत नाही. कंपनीचं नाव आणि कॅटलॉग क्रमांक पाहिला की कळतं. हॉर्नबीच्या ब्रिटिश गाड्या ओओ, रोको, फ्लाइशमान, पिको यांच्या १६.५ मिलिमीटर रुळावरच्या गाड्या बहुतांशी एचओ.

एन मापाचे रूळ ९ मिलिमीटरचे. तिथेही प्रमाण सगळीकडे सारखं नाही: युरोप-अमेरिकेत १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८, जपानमध्ये साधारण १:१५०, आणि जपानी शिंकान्सेन पुन्हा १:१६०. जागा कमी असेल तर एन छान. पण जुन्या मालातून सुरुवात करणाऱ्याला मी एचओ किंवा ओओच सुचवेन. एनमधली दातेरी चाकं इतकी बारीक असतात की साफसफाई शिकायला ती योग्य नाहीत.

प्रवाहाचा घोळ याहून मोठा. बहुतेक कंपन्यांची जुनी इंजिनं दोन रुळी, १२ व्होल्ट डीसीवर चालणारी. एका रुळातून वीज येते, दुसऱ्यातून परत जाते, म्हणून एका बाजूची चाकं दुसऱ्या बाजूपासून विजेच्या दृष्टीने तोडलेली असतात. मार्कलिनची एचओ इंजिनं मात्र तीन रुळी एसी पद्धतीची. रुळांच्या मधोमध धातूच्या ठिपक्यांची रांग असते, इंजिनाच्या पोटाला लावलेली लांबट पट्टी त्या ठिपक्यांवरून घसरत वीज घेते, आणि बाहेरचे दोन्ही रूळ परतीचे. त्यामुळे त्यांच्या चाकांना ती तोड लागत नाही. असं इंजिन दोन रुळी ट्रॅकवर ठेवलं की चालणं दूरच, थेट शॉर्टसर्किट होतं. त्यांचे डबे ठेवले तरी तेच, कारण डब्यांची चाकंही एकमेकांना जोडलेली असतात. डबे आवडलेच तर चाकजोड्या बदलून घेता येतात, फक्त तो खर्च बोलीतच धरायचा. मार्कलिन वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्यांची धातूची जुनी इंजिनं दणकट आहेत, आणि सुरुवातीपासून तीच पद्धत धरली तर जुन्या मालाचा साठा भरपूर आहे. पण दोन्ही पद्धती मिसळायच्या नाहीत.

डिजिटल मालाबद्दल थोडक्यात. डीसीसी म्हणजे रुळांतून डिजिटल आदेश पाठवून गाड्या चालवायची पद्धत, आणि डिकोडर म्हणजे ते आदेश वाचून मोटर चालवणारी इंजिनातली छोटी चकती. 'डीसीसी रेडी' लिहिलं असेल तर आत डिकोडर आहे असं समजू नका, डिकोडर बसवायचं सॉकेट तेवढं आहे. 'डीसीसी फिटेड' असेल तर डिकोडर आहे. जुन्या मालकाने त्याला कोणता पत्ता, म्हणजे ओळख क्रमांक, दिला होता ते विचारून ठेवा, कारण कारखान्यातून येताना पत्ता ३ असतो आणि पुढे लोक तो बदलतात. साधं डीसी इंजिन डिकोडरशिवाय डिजिटल ट्रॅकवर ठेवू नका, मोटर गुणगुणते आणि तापते.

आता पोटाच्या फोटोकडे येते. विक्रेते इंजिनाचा फोटो बाजूने काढतात, रंग चमकेल असा, कधी खोक्यावर तिरकं ठेवून. तो फोटो दिसायला सुंदर, पण त्यातून इंजिनाची तब्येत कळत नाही. इंजिन उलटं केलं की बरंच कळतं. पहिलं म्हणजे मधली पट्टी आहे की नाही, म्हणजे दोन रुळी की तीन रुळी याचा निकाल तिथल्या तिथे. मग चाकांचा रुळावर टेकणारा काठ. त्यावरचा चंदेरी मुलामा झिजून खालचं पितळ पिवळं दिसत असेल तर गाडी खूप चाललेली आहे. काळा थर असेल तर नुसता मळ, तो निघतो. काही चाकांना खोबण असून त्यात रबराची कडी बसवलेली असते, रुळावर पकड यावी म्हणून. ही कडी जुनी झाली की कडक होते, चिरते, गळून पडते. खोबण रिकामी दिसली तर घाबरायचं कारण नाही, कड्या सुट्या मिळतात. मात्र कोणत्या मापाची लागेल ते आधी बघून ठेवा. त्यानंतर स्क्रू. खाच चुरगळलेली असेल तर कुणीतरी चुकीच्या पेचकसाने उघडायचा प्रयत्न केलेला आहे, आणि आत काय केलं असेल ते सांगता येत नाही. शेवटी दातेरी चाकं. प्लॅस्टिकचं चाक आसावर घट्ट बसवलेलं असतं, कालांतराने ते दोन दातांच्या मधे चिरतं आणि इंजिन दर फेऱ्याला ठेच लागल्यासारखं चालतं. फोटोत ही चीर क्वचितच दिसते, पण चालतानाच्या व्हिडिओत ती लय लगेच ऐकू येते.

धातूच्या जुन्या इंजिनांत आणखी एक रोग असतो, आणि त्याला औषध नाही. जस्ताच्या ओतकामात शिसं किंवा दुसरी अशुद्धी राहिली की दमट हवेत तो मिश्रधातू आतल्या कणांच्या कडांनी गंजत जातो. भाग फुगतो, वाकतो, जाळीसारखे बारीक तडे जातात, आणि शेवटी बोटाने दाबलं तरी तुकडा पडतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मालात हे जास्त आढळतं, नंतरच्या काही तुकड्यांतही झालेलं आहे. एका लिलावात एक देखणं हिरवं इंजिन होतं, बाजूच्या फोटोत निर्दोष. पोटाच्या फोटोत चौकटीची सरळ असायला हवी ती कड मधोमध किंचित फुगलेली, आणि चाकं चौकटीला घासत होती. वर्णनात 'थोडं अडतं, तेल घालावं लागेल' असं होतं. तेलाने ते कधीच सुटणार नव्हतं. बोली मात्र चढत गेली.

वर्णनाची भाषा वाचायलाही सवय लागते. 'तपासलेलं नाही' याचा अर्थ मी 'चालत नाही' असाच धरते आणि त्याच हिशोबाने किंमत ठरवते. चाललं तर आनंद. 'शेवटचं वापरलं तेव्हा चालत होतं' यात ते शेवटचं कधी, हे कुणी सांगत नाही. 'दुर्मीळ' या शब्दाकडे मी बघतच नाही. त्याऐवजी त्याच क्रमांकाचं इंजिन आत्तापर्यंत किती वेळा आणि केवढ्याला विकलं गेलं, ते विकल्या गेलेल्या वस्तूंच्या गाळणीत शोधते. मागितलेल्या किमती काहीही असू शकतात, खरा भाव कळतो तो विकल्या गेलेल्या मालावरून. खोक्यासह असेल तर खोक्याच्या टोकावरचा क्रमांक आणि आतलं इंजिन जुळतं का, तेही तपासा. भलत्याच इंजिनाचं खोकं बऱ्याचदा दिसतं. चालवण्यासाठी घेत असाल तर खोक्यासाठी जास्त पैसे मोजायची मुळीच गरज नाही.

फोटो अपुरे असतील तर विचारायला संकोचू नये. माझा निरोप साधारण असा असतो: 'नमस्कार. इंजिन उलटं करून खालच्या बाजूचा एक फोटो टाकाल का? ते दोन्ही दिशांना चालतं का? आणि आपण ते शेवटचं कशावर चालवून पाहिलंत?' उत्तरावरून माणूस कळतो. 'माझ्याकडे रूळ नाहीत, पण ९ व्होल्टच्या बॅटरीच्या तारा चाकांना लावल्या तर चाकं दोन्हीकडे फिरतात, दिवा लागत नाही' असं उत्तर आलं, तर त्या विक्रेत्याकडून मी निर्धास्तपणे घेते. त्याने जे पाहिलं तेवढंच सांगितलं. उत्तरच आलं नाही, किंवा 'फोटोत दिसतं तेच आहे' एवढंच आलं, की मी ती वस्तू सोडून देते. तसंच इंजिन पुन्हा विक्रीला येतंच.

माझ्या आवडत्या खरेदीची हकीकत यात बसते. तीन आसांचं छोटं शंटिंग इंजिन, एचओ, दोन रुळी. वर्णनात 'बहुधा चालत नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलेलं, त्यामुळे बोली लावणारे कमी. पोटाचा फोटो मात्र इतका स्पष्ट की मी भिंगाखाली बघावं तसा मोठा करून पाहिला. मागच्या आसाभोवती गालिच्याच्या तंतूंची करडी गुंडाळी बसलेली. एका चाकाची रबरी कडी गायब. पण चाकांचा मुलामा शाबूत, स्क्रूंच्या खाचा कोऱ्या, दातेरी चाकांना दात पूर्ण. म्हणजे हे इंजिन कुणीतरी जमिनीवर, गालिच्यावर रूळ मांडून खेळलेलं, अडकल्यावर ठेवून दिलेलं, आणि कधीच न उघडलेलं. मी तेवढ्यावर बोली लावली.

घरी आल्यावर आधी चालवून बघायचा मोह आवरावा लागतो. वर्षानुवर्षं पडून असलेल्या इंजिनातलं ग्रीस मेणासारखं पिवळं आणि घट्ट झालेलं असतं. तशातच वीज दिली तर मोटर जोर लावून तापते. मी आधी सांगाडा काढला. आसावरची गुंडाळी बारीक कात्रीने एका जागी कापली आणि चिमट्याने उलगडत गेले. तंतू, मग एक लांब केस, मग पुन्हा तंतू. ती निघाली तशी चाकं बोटाने फिरू लागली. जुनं ग्रीस लाकडी काडीने खरवडलं, उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. रंगवलेल्या भागाला ते लागू दिलं नाही, काही जुने रंग त्याने निघतात. मोटरच्या कार्बन ब्रशची टोकं काळी पण पुरेशी लांब होती. ज्यावर ते घासतात तो तांब्याचा गोल, म्हणजे कम्युटेटर, अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तांबूस दिसेपर्यंत पुसला, आणि त्याच्या फटींतली काजळी दात कोरायच्या काडीने काढली. मग प्लॅस्टिकला चालणारं पातळ तेल, सुईच्या टोकाने, प्रत्येक टेकूपाशी थेंबभरही नाही इतकं. तेल जास्त झालं तर ते ब्रशपर्यंत जातं आणि सगळं काम वाया. नवी रबरी कडी बसवली आणि बॅटरीच्या दोन तारा दोन्ही बाजूंच्या चाकांना लावल्या. आधी नुसती थरथर, मग एक कर्रर्र, मग चाकं फिरली. तारा उलट केल्या, उलटी फिरली. अर्धा तास हळूहळू दोन्ही दिशांना चालवल्यावर आवाज एकसारखा झाला. आता ते रुळावर चारेक व्होल्टला जागचं हलतं आणि सांध्यांवरून, म्हणजे रूळ बदलायच्या पॉइंटवरून, न थांबता जातं.

बॅटरीची ही चाचणी फक्त साध्या डीसी इंजिनांसाठी. तीन रुळी आणि डिकोडरवाल्या इंजिनांवर ती करू नये.

बोलीबद्दल. ईबे १९९५ मध्ये सुरू झालं. तिथली पद्धत आता बऱ्याच ठिकाणी आहे: आपण आपली कमाल रक्कम टाकायची, यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते, आणि जिंकलो तर आपल्या खालच्या बोलीपेक्षा एक टप्पा वरची किंमत द्यावी लागते. म्हणजे कमाल रक्कम मोठी टाकली म्हणून तेवढीच द्यावी लागते असं नाही. हे समजलं की सारखं थोडंथोडं वाढवत बसायची गरज उरत नाही. तरीही शेवटच्या काही सेकंदांत बोलींचा पाऊस पडतो. ऑल्व्हिन रॉथ आणि अक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी संपायचा, तर अ‍ॅमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावात शेवटी बोली आली की वेळ वाढायची आणि सलग १० मिनिटं शांत गेल्यावरच लिलाव बंद व्हायचा. शेवटच्या घटकेच्या बोली ईबेवर कितीतरी जास्त निघाल्या. याचा नवख्याला उपयोग असा: लवकर बोली लावून चढाओढ पेटवू नका. वस्तूची आपल्या मनातली किंमत, टपालखर्च आणि परदेशातून येणार असेल तर जकात, सगळं मिळून एक आकडा कागदावर लिहा. शेवटच्या मिनिटाला तोच आकडा एकदा टाका आणि स्क्रीनपासून दूर व्हा. तो आकडा ओलांडून कुणी नेलं तर नेऊ द्या. माझ्या हातून सुटलेलं जवळजवळ प्रत्येक इंजिन पुढे कधी ना कधी पुन्हा दिसलं आहे, अनेकदा कमी भावात.

वाघिणींचे आणि डब्यांचे ढीग एकत्र विकायला येतात, ते नवख्यासाठी उत्तम. त्यातले थोडे मोडके असले तरी चाकं, कपलिंग (डबे एकमेकांना जोडणारे आकडे), बफर सुटे भाग म्हणून उपयोगी पडतात. फक्त कपलिंग एका जातीची आहेत का ते बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांची कपलिंग वेगळी, युरोपीय कडीची वेगळी, अमेरिकी पंज्याची वेगळी, ती एकमेकांत अडकत नाहीत. नंतरच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांना एनईएम ३६२ या युरोपीय मानकाच्या मापाची खोबण असते, त्यात कपलिंग ओढून काढून दुसरं बसवता येतं. जुन्यांना ती नसते, तिथे स्क्रू किंवा रिव्हेटशी झटावं लागतं.

रूळ मी जुने घेते, पण निवडून. पोलादी रूळ गंजतात, पितळी काळे पडून वीज नीट देत नाहीत, निकेल सिल्व्हरचे सगळ्यात बरे. यादीत 'कोड १००', 'कोड ८३', 'कोड ७५' असं लिहिलेलं असतं, ती रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत. जुन्या गाड्यांच्या चाकांच्या कडा खोल असतात. कोड ७५च्या बुटक्या रुळांवर त्या कडा स्लीपरवरच्या पकडींना आपटतात आणि गाडी खडखडत चालते. जुना माल चालवायचा असेल तर कोड १०० घ्या. सांधे मात्र नवेच घ्या. जुन्या सांध्यांच्या पात्यांतून वीज पोचत नाही आणि गाडी नेमकी तिथेच थांबते, मग दोष इंजिनाचा की सांध्याचा हे नवख्याला कळत नाही.

आणि ट्रान्सफॉर्मर. तो थेट घरच्या विजेला जोडायचा असतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या वायरीचं रबर किंवा प्लॅस्टिक कडक होऊन तडकलेलं असतं, आतलं आवरणही तसंच. काही पेट्या धातूच्या आहेत. शिवाय दुसऱ्या देशातला असेल तर तो ११० व्होल्टसाठी बनवलेला असू शकतो, आणि २२० व्होल्टसाठी बनवलेला जुना ट्रान्सफॉर्मर आजच्या २३० व्होल्टवर रुळाला ठरल्यापेक्षा जास्त व्होल्टेज देतो. लहान मुलं शेजारी बसून बघणार असतात. इथे पैसे वाचवू नका.

लिलावाच्या संकेतस्थळांबद्दल माझी तक्रार त्यांच्या रकान्यांबद्दल आहे. मापाचा रकाना असतो, कंपनीचा असतो, पण एसी की डीसी, दोन रुळी की तीन रुळी, हा रकाना कित्येकदा नसतो किंवा विक्रेता तो रिकामा सोडतो. नवख्याचं सगळ्यात मोठं नुकसान ज्या माहितीवाचून होतं, तीच सक्तीची करायला हवी. आणि खालच्या बाजूच्या फोटोची जागा यादीत वेगळी ठेवली, तर विक्रेते तो आपणहून काढतील.

पार्सलबद्दल एकदा वाईट अनुभव आला. धातूची चौकट असलेलं जड इंजिन एका पातळ बबलच्या पिशवीत टाकून पाठवलेलं. दोन बफर मोडून पिशवीत सुटे फिरत होते, आणि कॅबच्या शिडीची एक पायरी सापडलीच नाही. जिंकल्यावर लगेच विक्रेत्याला लिहिते ते तेव्हापासून: 'कृपया इंजिन फोममध्ये गुंडाळून खोक्यात, आणि ते खोकं मोठ्या खोक्यात घालून पाठवा; वाढीव खर्च मी देईन.' बहुतेक जण ऐकतात. पार्सल उघडताना फोनवर सलग व्हिडिओ घ्या, शिक्का फाडण्यापासून इंजिन बाहेर येईपर्यंत. माझे पैसे त्या व्हिडिओमुळे वादाशिवाय परत मिळाले. ईबेवर वर्णनाशी न जुळणाऱ्या वस्तूची तक्रार साधारणपणे वस्तू पोचल्यापासून ३० दिवसांत करावी लागते, इतरत्र मुदत याहून कमी असू शकते, ती बोलीआधी वाचा. इंजिन आलं की कपाटात ठेवू नका, त्याच आठवड्यात साफ करून दोन्ही दिशांना चालवा, दिवे लावून बघा, तीन-चार डबे जोडून सांध्यांवरून न्या, आणि विक्रेत्याला अभिप्राय त्यानंतरच द्या.